आयएनआरचा आकडा आणि तुमची गोळी

हृदयाची झडप बदलली म्हणून, पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून किंवा ठोके अनियमित पडतात म्हणून ज्यांना ॲसिट्रॉम नाहीतर वॉर्फरिनची गोळी चालू आहे, त्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. रिपोर्टमध्ये आकड्यापुढे 'हाय' छापलंय, म्हणजे काही बिघडलं का? पालक-मेथी कायमची सोडायची का? दाढ काढायची आहे, गोळी किती दिवस आधी बंद करू? आणि अलीकडचा सगळ्यात लाडका प्रश्न: शेजाऱ्यांना नवी गोळी दिलीय, तिला तपासणीच लागत नाही म्हणे, मला का देत नाहीत?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं रक्तातल्या एका प्रथिनाच्या वागण्यात आहेत. आधी ते पाहू, तेही निर्णय घ्यायला लागेल तेवढंच.

प्रोथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन

बोट कापलं की रक्त थोड्या वेळात थांबतं. रक्तात फिरणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनपासून त्या जागी थ्रॉम्बिन तयार होतं आणि थ्रॉम्बिन हे फायब्रिनोजेन नावाच्या विरघळलेल्या प्रथिनाचे धागे करून टाकतं. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की खपली धरते.

प्रोथ्रॉम्बिन आपल्या यकृतात तयार होतं. मात्र तयार झालं म्हणजे ते कामाचं असतंच असं नाही. त्याला कॅल्शियम धरून ठेवता आलं पाहिजे आणि ती क्षमता त्याच्यात येते 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने. ॲसिनोकुमारॉल (ॲसिट्रॉम हे त्याचंच एक बाजारातलं नाव) आणि वॉर्फरिन या गोळ्या 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे यकृत प्रोथ्रॉम्बिन बनवत राहतं, पण त्यातलं बरंचसं अर्धवट आणि निकामी असतं. गुठळ्या करणारे आणखी तीन घटक, म्हणजे सातवा, नववा आणि दहावा, याच गोळीने मंदावतात.

लोक हिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. म्हणू देत. मात्र हिच्याने रक्ताचा दाटपणा बदलत नाही, हिमोग्लोबिन कमी होत नाही, की अशक्तपणाही येत नाही. 'रक्त फारच पातळ झालं असेल, थोडे दिवस गोळी थांबवू' असा विचार करून गोळी बंद करणारी माणसं पाहिली आहेत, म्हणून हे सांगून ठेवलेलं बरं.

रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टमध्ये साधारण चार आकडे असतात: तुमच्या रक्ताला गोठायला लागलेले सेकंद, निरोगी रक्ताला लागलेले सेकंद (कंट्रोल), आयएसआय (लॅबच्या रसायनाच्या तेजपणाचा आकडा) आणि आयएनआर. तुम्ही फक्त शेवटचा बघायचा.

याचं कारण असं. प्रयोगशाळा तुमच्या रक्तद्रवात एक रसायन घालून गोठायला किती वेळ लागतो ते मोजते. पण प्रत्येक कंपनीचं रसायन सारखं तेज नसतं. म्हणून १९८३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही सामाईक मोजणी ठरवून दिली. समजा, कंट्रोल दोन्हीकडे १२ सेकंद आहे. एका लॅबमध्ये तुमचे २४ सेकंद आले आणि तिथला आयएसआय १.२ आहे. दुसऱ्या लॅबमध्ये २७.६ सेकंद आले आणि आयएसआय १ आहे. सेकंद पाहिले तर वाटेल, दोन-चार दिवसांत केवढा फरक पडला! प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी आयएनआर २.३च आहे.

आता त्या 'हाय'बद्दल. रिपोर्टवर छापलेली ०.८ ते १.२ ही मर्यादा गोळी न घेणाऱ्या माणसाची असते. तुम्ही गोळी घेता तीच मुळी आकडा त्याच्या वर ठेवायला. तुमचा आकडा १.१ आला आणि शेजारी 'नॉर्मल' छापलं, तर खरी काळजी तेव्हा करायची.

तुमची मर्यादा तुमच्या आजारावर ठरते:

- ठोक्यांची अनियमितता किंवा शिरेतली गुठळी असेल, तर बहुधा २ ते ३.
- महाधमनीच्या झडपेजागी धातूची झडप असेल आणि दुसरा धोका नसेल, तर अडीचच्या आसपास.
- डाव्या बाजूच्या मायट्रल जागी धातूची झडप असेल, तर तीनच्या आसपास, म्हणजे २.५ ते ३.५.

हे आकडे ढोबळ आहेत. तुमचे डॉक्टर तुमच्यासाठी काय ठरवतात ते विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या कित्येकांना स्वतःची मर्यादा सांगता येत नाही. तो दोष त्यांचा कमी आणि घाईत उरकलेल्या ओपीडीचा जास्त.

रक्त देताना पाहायच्या गोष्टी

या तपासणीसाठी उपाशी जायची गरज नाही. रक्त फिक्या निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत आधीच थोडं सायट्रेटचं द्रावण असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. नऊ भाग रक्त आणि एक भाग द्रावण, असं हे प्रमाण ठरलेलं आहे. नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर द्रावण जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. शीर सापडत नाही म्हणून अर्धी नळी भरून 'होईल एवढ्यात' असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे सांगा, खुणेपर्यंत भरा. घरी येऊन रक्त नेणारी मंडळी पिशवीत नमुना घेऊन दिवसभर फिरत असतील, तर तेही चालणार नाही.

शक्यतो एकच लॅब धरा. आकडा अचानक विचित्र आला आणि मधल्या काळात औषध, आहार, तब्येत काहीच बदललं नसेल, तर डोस बदलण्याआधी तपासणी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

बोटाला टोचून घरच्या घरी आयएनआर दाखवणारी यंत्रंही मिळतात. यंत्रापेक्षा त्याच्या पट्ट्यांचा खर्च पुढे अंगावर येतो. लांब राहणाऱ्यांना आणि वारंवार तपासणी लागणाऱ्यांना ती सोयीची आहेत. पण आकडा बराच वर दाखवला, तर शिरेतल्या रक्तावर खात्री करून घ्यावी.

सुरुवातीचे दिवस: इंजेक्शन अजून का चालू आहे?

पायात गुठळी झालेल्या रुग्णाला गोळी आणि पोटावरचं हेपॅरिनचं इंजेक्शन एकदमच सुरू करतात. तिसऱ्या दिवशी आयएनआर दोनच्या वर येतो, तरी इंजेक्शन बंद होत नाही. नातेवाइकांना शंका येते, बिल वाढवताहेत की काय? इथे तरी तसं नाही.

सातवा घटक रक्तात फार टिकत नाही. सहाएक तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. तो घटला की आयएनआर चढतो. पण गुठळी वाढवणारा मुख्य गडी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, निम्म्यावर यायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात. मधल्या काळात कागदावर संरक्षण दिसतं आणि शरीरात ते पुरतं आलेलं नसतं. म्हणून इंजेक्शन किमान पाच दिवस आणि आयएनआर निदान चोवीस तास दोनच्या वर राहीपर्यंत चालू ठेवतात.

पुढेही हेच लक्षात ठेवा. आज डोस बदलला, तर त्याचा पूर्ण परिणाम उद्याच्या तपासणीत दिसत नाही. रोज तपासून रोज गोळी कमी-जास्त करणाऱ्यांचा आकडा कायम झोके घेत राहतो.

रोजची शिस्त

- गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या. सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट येतो आणि डोस बदलायचा झाला तर त्याच दिवशी बदलता येतो.
- विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं, तर दोन गोळ्या एकदम घेऊ नका. वहीत 'चुकली' असं लिहा.
- ॲसिनोकुमारॉल १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. दुकानदाराने 'तीच आहे' म्हणून दुसऱ्याच ताकदीची पट्टी दिली आणि आकडा आठवर गेला, असं घडतं. पट्टीवरचे मिलिग्रॅम दुकानातच वाचा.
- ॲसिनोकुमारॉल आणि वॉर्फरिन ही दोन वेगळी औषधं आहेत. एकाची २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे दुसऱ्याची २ मिलिग्रॅम नव्हे.
- एक छोटी वही ठेवा: तारीख, आयएनआर, डोस आणि मधे घेतलेलं कोणतंही दुसरं औषध. डॉक्टर एका आकड्यावरून नाही, मागच्या पाच-सहा आकड्यांवरून निर्णय घेतात.
- सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने आणि स्थिरावल्यावर साधारण महिन्याने तपासणी लागते. 'बरं वाटतंय' हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. आकडा सहावर गेला तरी माणसाला बरंच वाटत असतं.

पालेभाजी सोडू नका

हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. हिरव्या पाल्यात 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं, हे खरं. म्हणून पाला बंदच केला, तर गोळीचा डोस त्या कोरड्या आहारावर बेतला जातो. मग एखाद्या लग्नात अळूचं फतफतं दोन वाट्या खाल्लं की आकडा गडगडतो. ज्याच्या आहारात 'के' जीवनसत्त्व जवळपास नसतंच, त्याचा आयएनआर उलट जास्त हेलकावे खातो.

नियम एवढाच आहे की आठवड्याला जितकी पालेभाजी खाता, तितकीच खात राहा. दोन वेळा मेथी-पालक होत असेल, तर दोन वेळा होऊ दे. घोटाळा होतो तो बदलात. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली म्हणून रोज डब्याला मेथी. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज शेवग्याच्या पाल्याची पूड. बागेत फिरायला गेलं की फाटकाबाहेर मिळणारा गव्हांकुरांचा हिरवा रस, ज्याच्या फलकावर मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळ्यांची नावं असतात. असं काही नव्याने सुरू करणार असाल, तर आधी सांगा आणि आठवडाभरात तपासणी करा.

उलटी बाजूही आहे. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा-भगरीवर काढले, जुलाब झाले, तापाने जेवण तुटलं किंवा कावीळ झाली, तर आकडा वर जातो. एका एकादशीने काही होत नाही. दारू यकृतालाच हात घालते, त्यामुळे तिच्यासोबत या गोळीचा हिशेब कधीच जुळत नाही.

धोका बहुतेक वेळा दुसऱ्या गोळीतून येतो

आहाराबद्दल सगळे विचारतात, औषधाबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या मते प्राधान्य नेमकं उलट हवं.

*आकडा वाढवणारी औषधं:* जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, ठोक्यांसाठी दिलं जाणारं ॲमिओडॅरोन. तोंड आल्यावर लावायचं मायकोनाझोलचं जेलसुद्धा आकडा धोकादायक वाढवतं. नुसतं लावायचंय, पोटात थोडंच घ्यायचंय, असं वाटतं म्हणून ते हमखास निसटतं.

*आकडा पाडणारी औषधं:* क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटसाठीची फेनिटोइन, कार्बामाझेपिन. क्षयाचे उपचार सुरू होताना डोस बराच वाढवावा लागतो. त्याहून नाजूक काळ उपचार संपल्यानंतरचा असतो, कारण रिफॅम्पिसिन बंद झालं की तोच वाढवलेला डोस काही आठवड्यांत जास्त पडू लागतो.

*आकडा न बदलताही रक्तस्राव करणारी औषधं:* डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन. हृदयाच्या डॉक्टरांनीच ॲस्पिरिन जोडून दिली असेल, तर गोष्ट वेगळी. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, पण तेही दिवसच्या दिवस पूर्ण मात्रेत चाललं तर आयएनआर वाढवतं.

कंबरेवर सुई टोचून घेऊ नका. स्नायूत खोल रक्त साकळतं. 'एक इंजेक्शन मारा, लगेच उभं करा' हा आग्रह या गोळीवर असणाऱ्यांनी सोडून द्यायचा आहे. आयुर्वेदिक काढे, गुग्गुळ, हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल घेत असाल, तर लपवू नका. रागावणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

दाढ काढायची आहे, ऑपरेशन आहे

साध्या दाढेसाठी गोळी बंद करायची बहुधा गरज नसते. आदल्या एक-दोन दिवसांतला आयएनआर तुमच्या मर्यादेत असेल, तर दंतवैद्य जागेवर दाब देऊन, टाका घालून, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळांनी रक्त थांबवू शकतात. 'पाच दिवस गोळी बंद करून या' असं परस्पर सांगितलं गेलं, तर ज्यांनी गोळी सुरू केली त्यांना फोन करा. धातूच्या झडपेवर गुठळी बसली, तर दाढेच्या रक्तस्रावापेक्षा ते कितीतरी महागात पडतं.

मोठ्या शस्त्रक्रियेआधी गोळी थांबवावी लागते. वॉर्फरिन आणि ॲसिनोकुमारॉल शरीरात वेगवेगळा काळ टिकतात, त्यामुळे किती दिवस आधी थांबवायची हेही वेगळं असतं. ओळखीच्या माणसाचं वेळापत्रक उचलू नका. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांची लेखी सूचना घ्या आणि तीत गोळी *पुन्हा कधी सुरू करायची* ते लिहिलेलं आहे ना, हे बघा.

गर्भारपणाचा विचार असेल तर

पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, या गोळ्यांनी बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतो. पण धातूची झडप असताना गोळी आपल्या मनाने सोडली, तर आईचा जीव धोक्यात येतो. म्हणून हा निर्णय पाळी चुकल्यावर घ्यायचा नसून आधी घ्यायचा आहे. हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून कोणत्या महिन्यात गोळी, कोणत्या महिन्यात हेपॅरिन हे ठरवतात. मुलीची झडप बदलल्याचं सासरी न सांगता लग्न उरकणारी घरं अजून आहेत. लपवून घेतलेली गोळी चुकते आणि त्याची किंमत तीच मुलगी मोजते.

नवी गोळी मला चालेल का?

डॅबिगाट्रान, रिव्हारॉक्साबान, ॲपिक्साबान या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. शिरेतली गुठळी आणि ठोक्यांची अनियमितता असणाऱ्या अनेकांना त्या चांगल्या लागू पडतात. तुम्ही या गटात असाल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. किडनीची तपासणी मात्र करावी लागेल.

पण धातूची झडप असेल, तर नाही. अशा रुग्णांवरची डॅबिगाट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वॉर्फरिनपेक्षा जास्त झाले. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेल्यांनाही जुनीच गोळी बरी. सुमारे साडेचार हजार रुग्णांवरच्या २०२२च्या अभ्यासात रिव्हारॉक्साबान त्या तुलनेत मागे पडली. आपल्याकडे झडपेचे रुग्ण बहुतेक याच तापाचे असतात, म्हणून शेजाऱ्यांना चालली तरी तुम्हाला ती चालेलच असं नाही.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचं

- डोक्याला मार लागला. बाहेर जखम नसली, शुद्ध असली तरीही.
- काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळाणा.
- तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं. इथे मिनिटं मोजायची असतात. पोहोचताच गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर सांगा, कारण गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं.
- धातूच्या झडपेचा ओळखीचा टिकटिक आवाज दबल्यासारखा येणं आणि धाप लागणं.

रक्तस्राव नाही, पण आकडा साडेचारच्या वर आहे, असं असेल तर त्या दिवसाची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन परस्पर टोचून घेऊ नका. ते जास्त पडलं, तर पुढचे कित्येक दिवस गोळी लागूच पडत नाही आणि झडप उघडी पडते.

तुमचा हक्क

केसपेपर आणि तपासण्यांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत आहे. झडप बदललेल्यांनी झडपेचा प्रकार, आकार आणि तारीख लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड कायम जपावं. ते हरवलं असेल, तर आजच अर्ज करा. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. औषध कोणत्या दुकानातून घ्यायचं आणि तपासणी कोणत्या लॅबमध्ये करायची, ही निवड तुमची आहे.

शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला 'पाठपुराव्याचं पॅकेज' माझ्या ऑपरेशनला आहे का, असं थेट विचारा. काही शस्त्रक्रियांसाठी ते असतं आणि न विचारल्यामुळे वाया जातं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. आयएनआर प्रत्येक केंद्रात होत नाही, तेव्हा जिल्हा रुग्णालयात चौकशी करून जा.

गावी, लग्नाला किंवा वारीला निघताना परतीच्या तारखेपुढच्या आठवड्यापर्यंत पुरतील इतक्या गोळ्या सोबत घ्या. खिशात एक चिठ्ठी ठेवा: गोळीचं नाव, डोस, आजार, घरचा फोन. आणि हा लेख वाचत असताना पट्टीत पाचपेक्षा कमी गोळ्या उरल्या असतील, तर त्या आजच आणा.